उजेड येतो, चेहरा येत नाही

१. आत्यांचा प्रश्न

भालकीला आमच्या थोरल्या आत्या राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारात कुणी उभं राहिलं की म्हणायच्या, "उजेडात कुणीतरी आलंय एवढं कळतंय बाबा, पण कोण ते दिसंना." एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "तू शाळेत विज्ञान शिकवतोस ना? मग सांग, उजेड माझ्या डोळ्यात येतोय. त्या उजेडाबरोबर तुझं तोंड का येईना?"

पुढं हाच प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला. एक विद्यार्थी मोबाईलची बॅटरी तळहाताला लावून विचारायचा, "सर, पंजा लालभडक दिसतो, म्हणजे उजेड आरपार येतो. मग आतली हाडं का दिसत नाहीत?" हुमनाबाद-बसवकल्याण रस्त्यावर पहाटे गाडी चालवणारा एक ड्रायव्हर म्हणाला, "धुक्यात समोर सगळं पांढरंशुभ्र असतं. उजेडाला तोटा नाही, पण ट्रक दिसत नाही."

उत्तराची सुरुवात अशी. उजेड वेगळा आणि चित्र वेगळं. अंगणातल्या रांगोळीवर केरसुणी फिरवली तर रांगोळीची पूड कुठं जात नाही, तेवढीच राहते. जाते ती नक्षी. मोतीबिंदू, धुकं, कातडी, दुधी काच या सगळ्या प्रकाशावर फिरणाऱ्या केरसुण्या आहेत. पूड पलीकडे पोचते, नक्षी पोचत नाही.

पण केरसुणीनं कुठली चिमूट कुठं सरकवली हे नेमकं कळलं, तर? मग प्रत्येक चिमूट उचलून जागेवर ठेवता येईल आणि नक्षी परत मिळेल. रांगोळीच्या बाबतीत हे अशक्य वाटतं. प्रकाशाच्या बाबतीत गेल्या सत्तर वर्षांत माणसानं हे बऱ्याच प्रमाणात करून दाखवलं आहे.

२. सावडीची पेरणी

आधी चित्र बनतं कसं ते पाहू. समोरच्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यावरून प्रकाश सगळीकडे पसरतो. त्यातला थोडा तुमच्या डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो. डोळ्यातलं भिंग त्या सगळ्या किरणांना पडद्यावरच्या एकाच ठिपक्यात परत गोळा करतं. नाकाचा ठिपका नाकाच्या जागी, कानाचा कानाच्या जागी, असे ठिपके मांडले गेले की चेहरा तयार होतो.

एका ठिपक्यात गोळा होण्यासाठी एक अट आहे. प्रकाश ही लाट आहे, आणि लाटेचे सगळे भाग ताळमेळ राखून यायला हवेत. आमच्याकडं मृगाचा पाऊस झाला की सावडीनं पेरणी होते. एका रानात आठ-दहा तिफणी शेजारीशेजारी चालतात. सगळ्या बैलजोड्या एका चालीनं गेल्या तर ओळ सरळ राहते. मध्येच एका जोडीला चिबड जमीन लागली की ती मागं पडते आणि ओळ वाकडी होते. प्रकाशाच्या लाटेच्या अशा आघाडीच्या ओळीला तरंगाग्र म्हणतात. तरंगाग्र नीट असेल तर चित्र स्वच्छ. ते वाकडं झालं तर चित्र फिसकटतं.

इथं पाऊल किती लहान आहे ते ध्यानात घ्या. हिरव्या प्रकाशाच्या लाटेची लांबी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. अर्धं पाऊल चुकलं तरी ओळ बिघडली.

३. एक अंशाचा फरक

मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या पुढं जातो. दुपारी डांबरी रस्त्यावर लांबून येणारी एसटी पाण्यातून आल्यासारखी थरथरते. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते आणि विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगानं जातो. थंड, दाट हवेत किंचित सावकाश.

हा 'किंचित' किती? हवा एक अंशानं तापली तर प्रकाशाच्या वेगात दहा लाखांत जेमतेम एक भाग एवढा फरक पडतो. नगण्यच वाटेल. पण हिशेब करून पाहा. एक मीटर लांबीची हवा घ्या. तिचा डावा भाग उजव्यापेक्षा एक अंशानं गरम आहे. एक मीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. म्हणजे उजवीकडची तिफण डावीपेक्षा एक मायक्रॉन मागं पडली. लाटेचं पाऊल अर्ध्या मायक्रॉनचं, तेव्हा ती पूर्ण दोन पावलं मागं राहिली. एक मीटर हवा आणि एक अंशाचा फरक, एवढ्यावर ओळ मोडते.

आता ताऱ्यांकडे पाहा. त्यांचा प्रकाश किती तरी किलोमीटर हवेतून खाली येतो, आणि त्या हवेत गरम-थंड भोवरे सतत फिरत असतात. म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह सहसा लुकलुकत नाही, कारण तो छोट्या तबकडीएवढा असतो. तबकडीचा एक ठिपका मंद होतो तेव्हा दुसरा उजळतो आणि बेरीज सारखीच राहते.

दुर्बिणीला मात्र हे लुकलुकणं फार महाग पडतं. जुन्नरच्या बाजूला गिरवली इथं पुण्याच्या आयुका संस्थेची वेधशाळा २००६ पासून आहे. तिथल्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा. हवा नसती तर एवढ्या आरशाला एका विकलेचा सोळावा भाग एवढ्या अंतरावरचे दोन तारे वेगळे दिसले असते. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग: दोन सेंटीमीटरचं नाणं चार किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन. पण जमिनीवरून चांगल्या रात्रीही हवा साधारण एका विकलेएवढा फिसकटा करते. म्हणजे दोन मीटरच्या आरशाची बारकाई वीतभर आरशाएवढीच उरते. मोठ्या आरशानं उजेड जास्त गोळा होतो. नक्षी तेवढीच पुसट.

न्यूटननं १७०४ सालच्या आपल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात यावर उपाय सांगितला होता: दुर्बीण उंच डोंगरावर न्या, जिथं हवा शांत असते. अडीचशे वर्षं त्याहून चांगला उपाय कुणाला सुचला नाही.

४. वाकणारा आरसा

१९५३ मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं म्हटलं, ओळ वाकडी झाली असेल तर आपणही तिला उलट वाकवू. जी तिफण दोन पावलं मागं आहे तिची वाट दोन पावलांनी आखूड करायची. आज त्यासाठी आरसा लवचीक ठेवतात आणि त्याला मागून बारीक टेकू देतात. जिथं तरंगाग्र मागं पडलंय तिथं आरसा किंचित पुढं ढकलायचा. परत फिरताना ओळ सरळ.

कल्पना सोपी, पण त्या काळी ती करण्याइतकं वेगवान यंत्र नव्हतं. हवेचे भोवरे सेकंदात शेकडो वेळा बदलतात. तेवढ्याच वेगानं बिघाड मोजून आरसा वाकवायला हवा. आणि मोजायचं कशावरून? जवळपास एखादा तेजस्वी तारा हवा, ज्याचं तरंगाग्र मुळात कसं असायला हवं हे ठाऊक आहे. असा तारा प्रत्येक वेळी हाताशी नसतो. मग माणसानं आपला तारा स्वतः तयार केला. आकाशात लेसरचा झोत सोडायचा, वरच्या हवेतून परत विखुरलेल्या प्रकाशाचा ठिपका हाच आपला कृत्रिम तारा.

या गोष्टीत मराठी मुलखाचा थेट वाटा आहे आणि तो पुरेसा सांगितला गेलेला नाही, असं मला वाटतं. आयुका आणि अमेरिकेतलं कॅलटेक यांनी मिळून 'रोबो-एओ' नावाची यंत्रणा बांधली. माणसाच्या हाताशिवाय, रात्रभर आपोआप एकामागून एक तारे पाहणारी ही पहिली लेसर-यंत्रणा. ती कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवली गेली. तिचा लेसर अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. त्यामुळं वरून जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे दिपत नाहीत. तो सुमारे दहा किलोमीटर उंचीवर कृत्रिम तारा उमटवतो. नखाएवढ्या आरशाला शंभराहून जास्त टेकू आणि सेकंदाला हजाराहून जास्त वेळा दुरुस्ती.

तिचं काम किती मोलाचं ते एका उदाहरणानं कळेल. केप्लर अवकाशदुर्बिणीनं ग्रह असण्याची शक्यता दाखवलेले ७१५ तारे रोबो-एओनं तपासले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ५३ जोडीदार तारे सापडले, मूळ ताऱ्याला इतके चिकटून असलेले की एरवी दोघांचा एकच ठिपका दिसावा. जोडीदाराचा उजेड मिसळला की ग्रहाचं माप चुकतं. तो आहे त्यापेक्षा लहान वाटतो. ठिपका सुटा झाला तेव्हा हिशेब दुरुस्त झाला.

वाकणाऱ्या आरशाची ही युक्ती त्याआधीच दुर्बिणीतून डोळ्याच्या दवाखान्याकडे वळली होती. आपल्या डोळ्याचं भिंगही तंतोतंत नसतं. त्याच्या बारीक उंचसखलपणामुळं डॉक्टरला आतला पडदा पाहताना पेशी धूसर दिसतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स यांच्या गटानं वाकणाऱ्या आरशानं डोळ्याची ही खोड काढून टाकली आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी एकेक करून पाहिल्या.

५. भज्यांचा कागद

इथपर्यंत ओळ वाकडी होत होती, पण ओळ होती. रांगोळीवर फुंकर बसली होती, केरसुणी फिरली नव्हती. दूध, धुकं, कागद, कातडी यांत मात्र ओळच उरत नाही.

हुमनाबादच्या स्टँडवर मिरची भजी वर्तमानपत्रात बांधून देतात. घरी येईपर्यंत कागदावर तेलाचे डाग पडतात आणि डागांतून मागच्या पानाची अक्षरं वाचता येतात. हा डाग नीट पाहण्यासारखा आहे. कागदाचे तंतू स्वतः जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांच्यामध्ये हवेच्या फटी असतात. तंतूत प्रकाशाचा वेग वेगळा, हवेत वेगळा. प्रत्येक फटीशी किरण वळतो, परततो, पुन्हा वळतो. हजारदा वळून तो कुठूनही कुठंही बाहेर पडतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक. तेलात प्रकाशाचा वेग तंतूंतल्या वेगाच्या जवळचा असतो. फटी तेलानं भरल्या की वळायला कारण उरत नाही. दुधी काचेच्या खडबडीत बाजूला चिकटपट्टी लावली की तेवढीच काच स्वच्छ होते, त्याचंही कारण हेच.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हाच डाग जिवंत उंदराच्या कातडीवर पाडला. त्यांनी टार्ट्राझीन नावाचा खाण्याचा पिवळा रंग पाण्यात दाट विरघळवून उंदराच्या पोटावर चोळला. रंगानं कातडीतल्या पाण्याचा आणि चरबी-प्रथिनांचा प्रकाशवेग तांबड्या उजेडापुरता जुळवला, आणि आतल्या आतड्यांची हालचाल बाहेरून दिसली. रंग धुतला की कातडी पूर्ववत. हा प्रयोग घरी स्वतःच्या अंगावर कुणी करू नये. माणसाची कातडी उंदराच्या दसपट जाड असते आणि माणसावर याची सुरक्षितता तपासलेली नाही.

६. सरळ घरी येणारे

आता त्या विद्यार्थ्याचा पंजा. मांसातून जाताना तांबडा किरण साधारण दर दशांश मिलिमीटरला एकदा वळतो. ढोबळ हिशेब असा की दर दशांश मिलिमीटरला शंभरातले ३७ किरण न वळता पुढं जातात. असे दहा टप्पे, म्हणजे एक मिलिमीटर झाला की २२ हजारांत एकच किरण सरळ उरतो. पंजा दोन सेंटीमीटरहून जाड. तिथं न वळलेला एकही किरण मिळणार नाही. लाल उजेड दिसतो तो सगळा भरकटून आलेल्यांचा, आणि भरकटलेल्याला हाडाची सावली कुठं होती ते सांगता येत नाही.

पण एक-दोन मिलिमीटरपर्यंत सरळ आलेले थोडे का होईना असतात. त्यांना ओळखायचं कसं? जत्रेहून मुलं घरी येतात तेव्हा जो सरळ वाटेनं येतो तो आधी पोचतो, आणि जो पाळण्यापाशी आणि मिठाईपाशी रेंगाळतो तो उशिरा. तेव्हा आधी येणाऱ्यांना घ्यायचं. अडचण घड्याळाची. प्रकाश दशांश तीन मिलिमीटर जातो तो एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात. म्हणून शास्त्रज्ञांनी घड्याळ सोडलं आणि तिफणींची जोडी घेतली. एका झोताचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात आणि एक ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. परत आल्यावर दोघांची पावलं जुळली तरच समजायचं की दोघं सारखंच अंतर चालून आले. बाकीचे सोडून द्यायचे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. आज तिला ओसीटी म्हणतात. मधुमेह असलेल्या माणसाला डोळ्याचे डॉक्टर 'ओसीटी काढून आणा' म्हणतात, ती हीच. पडद्याचे पापुद्रे काही मायक्रॉनच्या बारकाईनं दिसतात. न दुखता, काही सेकंदांत.

७. भरकटलेल्यांनाही कामाला लावणं

सरळ येणारे उरलेच नाहीत तर? मला सर्वांत नवलाचा वाटतो तो पुढचा टप्पा.

खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या जत्रेत हजार माणसं एका टोकानं गर्दीत शिरली, तर दुसऱ्या टोकाला ती कुठंही, केव्हाही बाहेर पडतील. पण गर्दी थिजलेली असेल, हललीच नाही, तर प्रत्येकाची वाट ठरलेली. मग कुणाला किती वेळ लागतो हे आधी मोजून, त्याप्रमाणे कुणाला लवकर आणि कुणाला उशिरा सोडलं तर सगळे एकाच क्षणी देवळाच्या दाराशी जमतील.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात आयव्हो वेलेकोप आणि आलार्ड मॉस्क यांनी प्रकाशाबाबत हे केलं. गर्दी म्हणून त्यांनी पांढऱ्या रंगात वापरतात त्या टिटॅनियम डायऑक्साइडचा दहा मायक्रॉनचा थर घेतला. लेसरच्या वाटेत द्रव-स्फटिकांचा पडदा ठेवला. आपल्या टीव्हीत असतो तसा, हजारो चौकोनांचा. एकेक चौकोन थोडा मागंपुढं करून पाहायचा आणि पलीकडच्या ठरलेल्या ठिपक्यात उजेड वाढला तर तसाच ठेवायचा. सगळे चौकोन जुळल्यावर तो ठिपका आधीच्या सरासरी उजेडाच्या सुमारे हजारपट तेजस्वी झाला. रंगाचा थर तोच, पण आता तो भिंगासारखा वागत होता.

तीन वर्षांनी पॅरिसच्या एका गटानं अशा थराचा पूर्ण ताळेबंदच मांडला: या चौकोनातून शिरलेला प्रकाश पलीकडे कुठं कुठं आणि किती मागंपुढं निघतो. हा ताळेबंद हातात असला की पलीकडच्या विस्कटलेल्या उजेडावरून अलीकडचं चित्र गणितानं काढता येतं. केरसुणीची प्रत्येक चाल लिहून ठेवल्यासारखं.

अडसर आहे तो 'गर्दी थिजलेली हवी' या अटीचा. जिवंत शरीरात रक्त वाहतं, पेशी हलतात, आणि ताळेबंद सेकंदाच्या हजाराव्या भागात जुना होतो. दुर्बिणीच्या आरशाला जी घाई होती तीच इथं कित्येक पटींनी आहे. म्हणून पंज्यातली हाडं पाहायला आजही क्ष-किरणच लागतात.

८. धुक्यातली हलगी

ड्रायव्हरच्या प्रश्नाचं उत्तर कर्नाटकातच शोधलं गेलंय. धुक्यात हेडलाइट पूर्ण सोडला की उलट कमी दिसतं, हा अनुभव सगळ्यांचा. पाण्याचे थेंब तोच उजेड आपल्या डोळ्यावर परत फेकतात आणि त्या पांढऱ्या भिंतीत समोरचा दिवा बुडतो. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत हेमा रामचंद्रन यांच्या गटानं शिव नाडर विद्यापीठ आणि फ्रान्समधल्या संशोधकांबरोबर यावर काम केलं. त्यांनी दहा लाल एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला सुमारे १५ वेळा कमीजास्त होत राहील असं केलं आणि दीडशे मीटरवर कॅमेरा लावला. उत्तर प्रदेशातल्या गौतम बुद्ध नगरात हिवाळ्याच्या धुक्यात हा प्रयोग झाला.

मिरवणुकीच्या गोंगाटात आपल्या गल्लीची हलगी ओळखू येते, कारण तिचा ताल आपल्या कानात बसलेला असतो. संगणक तेच करतो. कॅमेऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यात तो विचारतो, इथल्या उजेडात पंधराचा ताल आहे का? धुक्याच्या सैरभैर उजेडात तो नसतो. तालातला उजेड ठेवला आणि बाकीचा वजा केला की दिवे उठून दिसतात. साध्या संगणकावर, लागलीच. विमानतळाच्या धावपट्टीचे आणि रेल्वेच्या सिग्नलचे दिवे असे तालावर लावता येतील. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी आता प्रवासी विमानतळ आहेत, तेव्हा हे संशोधन आपल्यापासून लांबचं नाही.

९. परत आत्यांकडे

मोतीबिंदूत डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गुठळ्या करून बसतात. स्वच्छ भिंगाचं दूध होतं. आत्यांच्या डोळ्यात उजेड शिरत होता, पण माझं तोंड त्या गुठळ्यांत विस्कटत होतं.

डॉक्टरलाही अशा डोळ्यातला पडदा बाहेरून दिसत नाही. मोतीबिंदू फार दाट असेल तर डॉक्टर प्रकाश सोडून ध्वनीकडे वळतो आणि डोळ्याची सोनोग्राफी करतो. ध्वनीची लाट त्या गुठळ्यांना जुमानत नाही. कधी बारीक छिद्रातून तक्ता वाचायला सांगतो. भिंगात एखादी स्वच्छ फट उरली असेल तर तेवढ्यातून आलेला प्रकाश न विस्कटता पडद्यावर पोचतो, आणि पडदा चांगला आहे हे कळतं.

मग वर सांगितलेल्या युक्त्यांनी मोतीबिंदूतून पाहायला लावणारा चष्मा करता येईल का? माझं मत स्पष्ट आहे: त्याची गरज नाही. डोळा सतत फिरतो, प्रत्येक दिशेला वेगळा ताळेबंद लागेल. आणि इथं केरसुणीच काढून टाकता येते. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायला कुशल हाताला अर्धा तासही लागत नाही.

आत्यांच्या बाबतीत आम्ही घरच्यांनीच चूक केली. 'पिकू दे, मग काढू' म्हणत तीन वर्षं घालवली. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात तसा सल्ला असायचा. आताच्या पद्धतीत उलट आहे: भिंग पिकून टणक झालं की काढणं अवघड जातं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तुमच्या घरात कुणाला रात्री दिव्याभोवती वलय दिसत असेल, दारातला माणूस आवाजावरून ओळखावा लागत असेल, तर मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. याच आठवड्यात डोळे तपासून घ्या.